टेम्पोवरची गिरणी

आप्पा, तुम्ही तिला इंजिन दिलंत ते मला आवडलं नव्हतं. तेव्हा बोलले नाही, आणि वर्षाच्या आत तुम्हीच गेलात. मग बोलायचं कोणाशी? आईशी बोलायला गेलं तर ती म्हणते, "गंजत पडलेलं लोखंड ते. त्याचा एवढा काय राग धरून बसलीस?" दहा वर्षं झाली त्याला. गिरणीच्या मागच्या पडवीत इंजिन असायचं तिथे जमिनीवर तेलाचा काळा डाग आहे. मी त्या जागी पोती रचत नाही. तांदळाला वास लागेल म्हणून रचत नाही, असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंही आहे. पण दिवसातून एकदा तरी माझी नजर तिकडे जाते, हेही खरं आहे.

ती शनिवारी आली होती. तुमची भाची, माझी आतेबहीण. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी, त्यामुळे ताई म्हणायचं की नाही हे आमच्यात कधी ठरलंच नाही. तिचं सासर शहापूरच्या बाजूला, तुम्हीच लावून दिलंत ते लग्न. तिचे आता तीन टेम्पो आहेत. प्रत्येकावर डिझेल इंजिन, भात भरडायचा हलर आणि पिठाची चक्की. वाड्या-पाड्यांवर वार ठरवून जातात. आपली गिरणी विजेवर चालते आणि हल्ली दिवसा लाईट नसतेच. लोडशेडिंग म्हणतात त्याला, तुमच्या वेळी हा शब्द नव्हता. बायका पाटी घेऊन येतात, मोटर बंद दिसली की दारातूनच मागे फिरतात. "ऱ्हाऊ दे, बुधवारी टेम्पो येतोच," असं एकमेकींना सांगत जातात. हळू आवाजातही सांगत नाहीत.

शनिवारी दुपारीही लाईट नव्हती. ती येऊन पोत्यावर बसली, पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "किती दिस अशी लाईटची वाट बघणार गो?"

"येते ना संध्याकाळी."

"लाईट येते. माणसं येतात काय?"

मग तिनं तिचा बेत सांगितला. टेम्पो गावोगाव फिरतातच, तर परत येताना चांगला बारीक दाण्याचा झिनी भात गोळा करून आणायचा. आपल्या गिरणीत भरडायचा, कणी-खडा काढायचा, पाच-पाच किलोच्या पिशव्या भरायच्या आणि आपल्या तालुक्याचा तांदूळ म्हणून कल्याण-डोंबिवलीच्या दुकानांत द्यायचा. दुसरं कोणी सुरू करायच्या आत. त्यासाठी ती एक टेम्पो विकणार, जनरेटर घेणार आणि चाळायचं मशीन आणणार. "मशीन कुठंपण मिळतं. भात पारखायला मला तुझा दात पाहिजे," ती म्हणाली. आई आतून म्हणाली, "दात कशाला, हिची जीभ घेऊन जा. घरात जरा शांतता होईल."

मी विचारलं, "आणि नाही खपला तर?"

"तर दोन टेम्पो हायेतच."

"आणि तेही गेले तर?"

"मग डोक्यावर पाटी घेईन. येतं मला," ती म्हणाली आणि हसली. मग हसू आवरून म्हणाली, "अर्धी-अर्धी भागीदारी. त्या दिवशी तू तांदूळ दिलास म्हणून मी आज उभी हाय. ते मी इसरली नाय. सोमवारी येते, तेव्हा सांग."

त्या दिवशी काय झालं ते तिला माहीत नाही. ते मला सोमवारी ती आली की तिला सांगायला हवं, नाहीतर ही भागीदारी घेता येणार नाही. आणि सांगितलं तर ती कदाचित मिळणार नाही आणि गिरणी या वर्षी बंद करावी लागेल. म्हणून आधी तुम्हाला लिहून बघते आहे.

तुम्हीच मला पहिल्यांदा शिकवलंत. पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत जाता येत नसे, म्हणून पहिली दोन वर्षं माझी शाळा गिरणीतच होती. पोत्यांवर नावं घालायच्या कुंच्यानं तुम्ही गोणपाटावर अक्षर काढायचात आणि मी त्यावरून बोट फिरवायचे. अक्षरांच्याही आधी तुम्ही भाताचा दाणा दाताखाली धरायला शिकवलंत. कट् असा वाजला तर भात वाळला, मऊ लागला तर अजून एक ऊन द्यायचं. आठ वर्षांची असताना मी चुकत नसे. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात, "माझ्या लेकीला इचारा." मी दाणा चावायचे, मान हलवायचे आणि मोठी माणसं आपली पोती उचलून परत उन्हात टाकायला न्यायची. आप्पा, तेवढं मोठं मला नंतर कधीच वाटलं नाही.

मग ती आली. तिच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून आत्यानं तिला आपल्याकडे ठेवलं. तिला दाण्याचं काही कळत नसे. दर वेळी ठोकून द्यायची आणि चुकली की खो खो हसायची. मला वाटलं, इथे हिचं काही चालणार नाही. मग तो दिवस आला. तुम्ही जेवायला घरात गेला होतात, मोटर चालू होती, आणि तिनं पाना घेऊन हलरचं पातं सैल केलं. रोलरच्या बाजूचं ते पातं, ज्याला तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही असा नियम होता. गिऱ्हाइकाचं अर्धं पोतं अर्धवट सोललेलं बाहेर पडलं, तांदूळ आणि भात एकत्र. तुम्ही जेवणावरून उठून आलात. "हात तोडून ठेवीन," म्हणालात. ती रडली. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं.

संध्याकाळी आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी दारामागे ताट घेऊन बसले होते, तुम्हाला दिसत नव्हते. तुम्ही आईला सांगत होतात आणि सांगता सांगता हसत होतात. "चुकली ती. पण हात तरी लावला तिनं. आपली निस्ती बघत ऱ्हायली." आई काहीतरी म्हणाली, ते आठवत नाही. तुमचं वाक्य आठवतं. मी हात लावला नव्हता, कारण हात लावायचा नाही असं तुम्हीच सांगितलं होतं. हे मला तेव्हा दारामागून ओरडून सांगायचं होतं. पुढच्या आठवड्यापासून तुम्ही जाड भात दोनदा घालायला लागलात, पहिल्या वेळी पातं जरा सैल ठेवून. कणी कमी पडायला लागली. धसईच्या बाजारात लोक म्हणायचे, आप्पांच्या हाताला गुण आहे. ते कोणामुळे सुचलं हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. मला मात्र ते माहीत होतं, आणि तिलाही.

टेम्पोवर गिरणी बसवायची कल्पना माझी होती असं मी आईला अनेकदा सांगितलं आहे. सांगताना आवाज चढतो. माझ्याकडे चाळीस पानी वही आहे. तिच्यात मी दहावीत असताना काढलेलं चित्र आहे, टेम्पो, त्यावर इंजिन, पट्टा, हलर. त्याखाली तेरा अडचणी लिहिल्या आहेत. चढावर टेम्पो तिरका राहील. तूस कुठे टाकायचं. पावसात भात भिजेल. माणसं जागेवरची गिरणी सोडून फिरत्या गिरणीवर विश्वास ठेवतील का. हादऱ्यांनी पात्याचा नट सैल होईल. या एकाच अडचणीपुढे मी उत्तर लिहिलं होतं, नटावर दुसरा नट आवळायचा. बाकी बाराला उत्तर सापडेना, म्हणून वही मिटून ठेवली. ती माझ्याच खोलीत झोपायची, तिनं वही वाचली असणार, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले. पण आज लिहिताना आठवतं आहे, डोंगरावरच्या पाड्यावरची ती म्हातारी. दोन तास चालून यायची, पाटी उतरवायची आणि दर खेपेला तेच म्हणायची, "आप्पा, माजं पाय गेलं आता. तुमची गिरणीच वर धाडा." सगळे हसायचे. तुम्ही हसायचात, मी हसायचे, तुमची भाचीही हसायची. मी घरी येऊन चित्र काढलं. कल्पना कोणाची म्हणायची?

आणि इंजिनाचं. तेही सरळ लिहिते. विजेची मोटर आल्यावर इंजिन पडवीत पडलं होतं. एकदा मी पोत्याला टाके घालत होते आणि तुम्ही येऊन शेजारी बसलात. "ह्या इंजिनाचं काय करू गो? तुझ्या डोक्यात काय हाय काय?" म्हणजे तुम्ही मला आधी विचारलं होतं. आता वाटतं, तुम्ही वही पाहिली होती. हो म्हटलं तर तुम्ही लगेच म्हणाल, मग कर. मी सुईकडे बघत म्हणाले, "भंगारात घाला." तुम्ही थोडा वेळ बसलात आणि उठून गेलात. त्यानंतर महिन्याभरात ती माहेरपणाला आली आणि अंगणातूनच म्हणाली, "मामा, ते इंजिन मला द्या." काय करणार विचारलंत तर म्हणाली, "आता नाय सांगत. नाय जमलं तर परत आणून टाकते." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. तुम्ही तिला ते दिलंत, हँडलसकट. मी हे सगळ्यांना सांगते ते इथून सुरू करून सांगते. पोत्याच्या टाक्यांचा भाग मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

तुम्ही गेल्यावर सहा महिन्यांनी तिनं नवऱ्याच्या टेम्पोवर ते इंजिन चढवलं. टेम्पो चांगला चालत होता, मुरबाडहून रोज कल्याणला भाजी जायची. सासू दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "भाजी सोडून तूस वाहायला निघाली आमची सून." पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती टेम्पो घेऊन आपल्या गिरणीवर आली. का, तर मी बघावं म्हणून. "तुझी नजर बारीक हाय. बघ गो जरा, काय ऱ्हायलंय काय." मी चढले. पट्टा पाहिला, जाळी पाहिली. पात्याच्या बोल्टवर एकच नट होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं सुद्धा. आणि खाली उतरून म्हणाले, "पट्टा थोडा ताण. बाकी बरं आहे." पट्टा खरंच सैल होता. मी खोटं बोलले नाही, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. टेम्पो उभा होता आणि उभा असताना सगळं बरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती ज्या पाड्यावर गेली तिथे दोन दिवसांनी लग्न होतं. मुलीच्या आईनं राखून ठेवलेला भात आणला होता, पंगतीसाठी आणि अक्षतांसाठी. वर जायचा रस्ता म्हणजे नुसते दगड. नट फिरत गेला, पातं रोलरकडे सरकलं आणि सगळ्या तांदळाची कणी झाली. लक्षात येईपर्यंत शेवटची पाटीही घालून झाली होती. तुटका तांदूळ अक्षतांना चालत नाही. म्हातारी माणसं म्हणाली, पोरीच्या लग्नात हे बरं नाही झालं. ती खाली आली तेव्हा तिच्या केसांत तूस होतं. आपल्या गिरणीत चार-पाच बायका बसल्या होत्या. ती म्हणाली, "अख्खा तांदूळ पाहिजे. जेवढा हाय तेवढा." मी कोठीतली आपल्या घरची झिनी काढली. अक्षतांपुरता तांदूळ सुपात घेऊन एकेक दाणा निवडला, एकही तुटका जाऊ दिला नाही. एवढ्या मनापासून मी कधी काम केलं नसेल. जाताना तिनं माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मामाची लेक म्हणून माझी लाज राखलीस."

तिथेच सगळं थांबलं असतं तर मी कदाचित तेव्हाच कबूल केलं असतं. पण तिनं ती कणी टाकली नाही. धसईला चक्कीवर दळून आणली आणि पुढच्या आठवड्यात त्याच पाड्यावर पीठ घेऊन गेली. लोक दगड मारतील असं नवरा म्हणत होता, तो टेम्पोतून उतरलाच नाही. बायकांनी पीठ हातात घेऊन बघितलं, भाकरी थापून बघितली आणि म्हणाल्या, तांदूळ आमी घरीपण कांडू, तू पीठच आणत जा. तिकडे अजून जात्यावर दळायचे. महिन्याभरात तिनं टेम्पोवर चक्की बसवली. भरडणं आणि दळणं एकाच जागी, दारात. असं मुरबाड-शहापुरात कोणी केलं नव्हतं. मी गप्प राहिले नसते तर कणी झाली नसती, कणी झाली नसती तर चक्की आली नसती. तिचं नुकसान व्हावं म्हणून गप्प बसले आणि त्यातूनच तिचा धंदा उभा राहिला. मला नीट मत्सरही करता येत नाही, आप्पा.

बाकी मी किती गोष्टींचा हेवा करते ते सांगायला लाज वाटते. ती "बघू" म्हणते आणि निघते, त्या बघूचा. चुकल्यावर तिला झोप लागते, त्या झोपेचा. मुरबाडच्या स्टँडवर पूर्वी मला लोक आप्पांची लेक म्हणायचे, आता विचारतात, "तुमी त्या टेम्पोवालीची बहीण ना?" ती पाड्यावरची म्हातारी मागच्या दिवाळीत भेटली. म्हणाली, "तुजी गिरणी देवळावाणी हाय गो. जागची हलत नाय, आनि माणूस आला तं आला." सगळ्या हसल्या, मीही हसले. रात्रभर मात्र मला तिला द्यायची उत्तरं सुचत होती. मी एकही दाणा कधी चुकीचा सांगितला नाही, कोणाचा भात कोणाच्यात मिसळला नाही. तुम्ही आखून दिलेल्या रेषेबाहेर पाय टाकला नाही. आणि तुम्ही असतात तर तिच्याच टेम्पोत पुढे बसून गेला असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

एवढं लिहून कागद ठेवून दिले होते. आज सोमवार. ती आली, सांगितलं तशीच, दुपारी. लाईट नव्हती. मी तिला बसूही दिलं नाही. पाठ केलं होतं तसं म्हणाले, "पहिल्या दिवशी तुझ्या पात्याला एकच नट होता. आदल्या संध्याकाळी मी बघितला होता. सैल होईल हे मला माहीत होतं. मी बोलले नाही."

ती साडीला चिकटलेलं तूस काढत होती, ते काढत राहिली. मग म्हणाली, "मुद्दाम?"

"हो."

"मग काय करायला पाहिजे होतं?"

"दुसरा नट. पहिल्यावर आवळायचा."

"तो तं आमी आठ दिसांत लावला," ती म्हणाली. "मुरबाडच्या मेस्त्रीनं बघितल्या बघितल्या सांगितलं. त्याच्या डब्यातलाच काढून दिला, पैसंपण घेतलं नाय."

ती दारापर्यंत गेली. मला वाटलं, गेली. ती तिथेच उभी राहून बाहेर बघत म्हणाली, "त्या नवरीच्या आईचं तोंड मी बघितलंय. तू नाय बघितलंस. माझं मी सोडीन, तिचं कसं सोडू?" मग ती वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "दात पाहिजे तो पाहिजेच. तुझ्याएवढा भात कोणाला कळत नाय. पण आता तू बरं हाय म्हणालीस तरी मी दोनदा इचारणार. दर वेळी. चालंल?"

"चालेल," मी म्हणाले.

"मग येतेस?"

"येते," म्हणाले. विचार करून सांगते असं म्हणाले नाही. तोंडातून निघून गेलं.

हे कागद तुमच्या पान्यांच्या पेटीत ठेवायचे असं मनात होतं. पण उद्यापासून ती गिरणीतली प्रत्येक पेटी उघडून बघणार, मग माझ्या ट्रंकेतच राहू देत. तिला सांगायचं ते सगळं सांगून झालं आहे. एक तेवढं तिला सांगितलं नाही, ते फक्त तुम्हाला. तिनं मेस्त्रीचं सांगितलं तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की तिचं सगळं माझ्या एका शब्दावर अडलं होतं. आठ दिवस अडलं होतं, आप्पा. फक्त आठ दिवस. मला त्याचंच वाईट वाटलं.